बिलबेरी कॅप्सूल, बिलबेरी पावडर की फ्रोजन फळ? आईच्या बीपीसाठी तिन्ही वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. (बिलबेरी म्हणजे युरोपातल्या जंगलात मिळणारी छोटी जांभळी बेरी, ब्लूबेरीच्या जवळच्या नात्यातली.) फार्मसीतली बिलबेरी एक्स्ट्रॅक्टची (म्हणजे अर्काची) कॅप्सूल, पाचपैकी अडीच. अख्ख्या फळाची सुकवलेली पावडर, पाचपैकी साडेचार. फ्रोजन जंगली बिलबेरी, पाचपैकी पाच. आणि भारतात ऑनलाइन मिळालेली ती 'वाइल्ड बेरी ब्लेंड १००० एमजी' वाली बाटली, तिला शून्य. का ते खाली सविस्तर लिहितेय, कारण हे सगळं आपण आईवडिलांना देतो, त्यांच्या बीपीच्या, हार्टच्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे नुसतं 'नॅचरल आहे, घेऊन बघा' म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाहीये हा.

मी फिनलंडमध्ये एस्पोला राहते. इकडे आपली मराठी माणसं बरीच आहेत आणि डिसेंबरात घरी जायची तिकिटं निघाली की प्रत्येकाच्या फोनवर एकच निरोप येतो, 'येताना त्या बिलबेरीच्या गोळ्या आण, नसा साफ होतात म्हणे.' आमच्या आईला (नाशिक, वय ६८, बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू) तिच्या भिशीतल्या मैत्रिणीने सांगितलं की याने ब्लॉकेज उघडतात. तर पहिलं हेच क्लिअर करते, ब्लॉकेज उघडत नाहीत. धमनीत साठलेला प्लाक (चरबीचा थर) कुठलीही बेरी, कुठलाही एक्स्ट्रॅक्ट विरघळवून काढत नाही, आणि ज्या जाहिरातीत तसं लिहिलंय ती जाहिरात तिथेच बंद करा. पण म्हणून बेरीत काहीच नाही असंही नाहीये, उलट जे आहे ते खूप इंटरेस्टिंग आहे आणि त्यावर माणसांवर चांगले अभ्यास झालेत.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. नॉनस्टिक तव्याचं कोटिंग असतं ना, तसं समजा, ते चांगलं आहे तोवर काही चिकटत नाही. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो, त्याने वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंदावते, प्रेशर कमी होतं. शरीरात हा वायू असं काम करतो हे शोधून काढल्याबद्दल १९९८ चं मेडिसिनचं नोबेल मिळालंय, फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना. वय, शुगर, बीपी, सिगरेट याने हा वायू कमी पडायला लागतो आणि वाहिन्या कडक होत जातात. बेरीचा जांभळा रंग ज्याने येतो ते अँथोसायनिन इथे उपयोगी पडतं. ते स्वतः फार थोडं शोषलं जातं, पण आतड्यातले जंतू त्याचे तुकडे करतात आणि ते छोटे छोटे फिनॉलिक रेणू रक्तात फिरून नायट्रिक ऑक्साइड नासायचं प्रमाण कमी करतात असं दिसतंय. म्हणूनच बेरी खाल्ल्यावर परिणाम दोनदा दिसतो, एक तास-दोन तासांत आणि मग परत साधारण सहा तासांनी.

हे मोजतात कसं, तर एफएमडी नावाची टेस्ट असते. हाताला बीपीचा पट्टा बांधून पाच मिनिटं गच्च आवळायचा, मग सोडायचा, रक्त जोरात वाहायला लागतं आणि त्या वेळी दंडातली धमनी किती टक्के रुंद होते ते सोनोग्राफीवर बघायचं. जास्त रुंदावली म्हणजे अस्तर चांगलं. हे इथे सांगतेय कारण लोक विचारतात 'कॅप्सूल घेऊन तुला काय जाणवलं?' काही जाणवलं नाही आणि जाणवणारही नाही, रक्तवाहिनीचं अस्तर सुधारलं तर माणसाला ते आतून कळत नाही. त्यामुळे जे रिव्ह्यू म्हणतात 'दोन दिवसांत हलकं वाटायला लागलं, नसा मोकळ्या झाल्या', त्यांच्यावर विश्वास ठेवून पैसे घालवू नका प्लीज.

आता अभ्यास. पहिले तिन्ही बिलबेरीच्या या बहिणीवरचे, म्हणजे ब्लूबेरीवरचे आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा २०१९ चा एक आहे, ४० निरोगी माणसं, रोज २०० ग्रॅम ब्लूबेरीएवढी जंगली ब्लूबेरीची पावडर पाण्यात, २८ दिवस. एफएमडी सुधारला आणि वरचं बीपी सरासरी साडेपाचच्या आसपास पॉइंटने उतरलं. त्याच टीमचा २०२३ चा, ६५ ते ८० वयाची ६१ माणसं, १२ आठवडे रोज २६ ग्रॅम पावडर ज्यात ३०२ मिलिग्रॅम अँथोसायनिन होतं, त्यात वरचं बीपी साडेतीन पॉइंटने कमी झालं, एफएमडी वाढला, आणि डोक्याच्या टेस्टमध्येसुद्धा थोडी सुधारणा दिसली. हा दुसरा अभ्यास उत्तर अमेरिकेच्या जंगली ब्लूबेरी उत्पादकांच्या संघटनेच्या पैशातून झालाय, ते त्यांनी पेपरात लिहिलंय, तुम्हीही डोक्यात ठेवा. आणि तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा २०१९ चा, पोट सुटलेली, शुगर-बीपी काठावर असलेली ११५ माणसं, सहा महिने. रोज १ कप म्हणजे १५० ग्रॅम ब्लूबेरीएवढी पावडर घेणाऱ्यांच्या धमन्या सुधारल्या, कडकपणा कमी झाला. पण अर्धा कप घेणाऱ्यांना काही फरक नाही! आणि बीपी कोणाचंच बदललं नाही, पूर्ण कपवाल्यांचंसुद्धा नाही. म्हणजे परिणाम खरा आहे पण तो डोसवर अवलंबून आहे, आणि बीपीच्या आकड्यावर दरवेळी दिसेलच असं नाही.

हा डोसचा मुद्दा लक्षात ठेवून आता प्रॉडक्ट बघू.

कॅप्सूल मी इथल्या फार्मसीतून घेतली, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे जवळपास सगळ्याच चांगल्या ब्रँडना लागू होतं. ६० कॅप्सूल, वीस युरोच्या थोडं वर. लेबल एकदम स्वच्छ, जंगली बिलबेरीचं लॅटिन नाव व्हॅक्सिनियम मिर्टिलस लिहिलेलं, एका कॅप्सूलमध्ये १६० मिलिग्रॅम एक्स्ट्रॅक्ट, त्यात ३६ टक्के अँथोसायनिन. हा ३६ टक्के आकडा बिलबेरी एक्स्ट्रॅक्टचा जुना स्टँडर्ड आहे, तो लेबलवर असणं चांगली गोष्ट. आता गणित करा. १६० चे ३६ टक्के म्हणजे साधारण ५८ मिलिग्रॅम. दिवसाला दोन घ्या म्हणतात म्हणजे ११५ च्या आसपास. अभ्यासात होते ३०२. म्हणजे तेवढं गाठायला रोज पाच कॅप्सूल घ्यायला लागतील आणि अख्खी डबी बारा दिवसांत संपेल! आणि तेवढ्या घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जास्त डोस आपल्या मनाने घ्यायचा नसतो. उलट ताजी बिलबेरी १०० ग्रॅम घेतली तर तिच्यात साधारण ३०० ते ७०० मिलिग्रॅम अँथोसायनिन असतं. एक वाटी फळ म्हणजे पाच कॅप्सूल, वर फायबर फुकट.

कॅप्सूल फसवी आहे असं नाही हं. किंग्ज कॉलेजच्या त्याच २०१९ च्या कामात त्यांनी नुसतं शुद्ध अँथोसायनिन देऊनही बघितलं होतं, तेव्हा धमनी रुंदावली, आणि नुसतं फायबर-व्हिटॅमिन दिलं तेव्हा नाही रुंदावली. म्हणजे काम तोच पदार्थ करतो, प्रश्न फक्त कॅप्सूलमध्ये तो किती बसतो हा आहे. आणि युरोपची औषध संस्था बिलबेरीच्या एक्स्ट्रॅक्टला काय म्हणते तर पायांचा जडपणा, शिरांची किरकोळ तक्रार, त्वचेखालच्या नाजूक केशवाहिन्या, यासाठी 'पारंपरिक वापर' म्हणून मान्यता. म्हणजे वर्षानुवर्षं लोक वापरतात म्हणून, मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं म्हणून नाही. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय संध्याकाळी जड होतात त्यांनी त्यासाठी घेऊन बघायला हरकत नाही, म्हणूनच अडीच मार्क दिलेत. हार्टसाठी म्हणून घेणार असाल तर पैसे दुसरीकडे लावा. (डोळ्यांसाठी घेणाऱ्यांना पण सांगते, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश पायलट बिलबेरीचा जॅम खाऊन रात्री चांगलं बघायचे ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण २००४ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा रात्रीच्या नजरेवर परिणामाचा भक्कम पुरावा सापडला नाही.)

आता ती भारतातली बाटली. माझ्या मामेभावाने ऑनलाइन मागवली होती, आईने मला व्हिडिओ कॉलवर लेबल दाखवलं आणि माझा जीवच खालीवर झाला. समोर मोठ्या अक्षरात १००० एमजी, मागे '१०:१ एक्स्ट्रॅक्ट' (म्हणजे दहा किलो फळाचा एक किलो अर्क), पाच बेऱ्यांची नावं, आणि अँथोसायनिन किती टक्के ते कुठेच नाही. कुठली जात, तेही नाही. हा १०:१ आकडा दिसायला भारी पण त्याने आत रंगद्रव्य किती उरलंय ते अजिबात कळत नाही. आणि हा धंदा आहेच मुळात भेसळीचा. बिलबेरीचा चांगला एक्स्ट्रॅक्ट १ किलो करायला साधारण १०० किलो फळ लागतं, ते फळ जंगलातून हाताने गोळा करावं लागतं, शेती होत नाही फारशी, त्यामुळे तो महाग असणारच. स्वस्तात विकायला मग त्यात काळ्या तांदळाचा, तुतीचा, काळ्या सोयाबीनच्या सालीचा रंग मिसळतात. २००६ मध्ये तर एका शास्त्रीय पेपरात बाहेर आलं की बाजारातल्या एका बिलबेरी एक्स्ट्रॅक्टमध्ये चक्क अमरंथ नावाचा कृत्रिम लाल रंग होता, जो अमेरिकेने १९७६ मध्येच खाण्यातून बंद केलाय. नेहमीच्या साध्या रंगमापनात तो पकडला जात नव्हता, एचपीएलसी (एकेक घटक वेगळा करून मोजणारी लॅबची टेस्ट) केल्यावर सापडला. म्हणून लेबलवर टक्केवारीसोबत एचपीएलसीने मोजलंय असं लिहिलेलं असेल तर तो ब्रँड घ्या.

घरी एक छोटी टेस्ट करता येते, मी आईकडून करून घेतली. कॅप्सूल उघडून पावडर दोन ग्लास पाण्यात घालायची, एकात लिंबू पिळायचं, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा. खरं अँथोसायनिन असेल तर लिंबाच्या ग्लासात लालभडक होतं आणि सोड्याच्या ग्लासात निळसर-हिरवट. माझी फार्मसीवाली कॅप्सूल एकदम पास झाली. त्या बाटलीतली पावडर दोन्हीकडे तशीच तपकिरी राहिली. रंग बदलला म्हणजे बिलबेरीच आहे असं नाही, काळा तांदूळसुद्धा असाच बदलेल, पण बदललाच नाही तर मग त्यात आपल्याला हवं ते नाहीये एवढं नक्की. ती बाटली बंद करायला लावली मी.

पावडर. ही माझी शिफारस. इथे सुपरमार्केटमध्ये आणि आरोग्याच्या दुकानात मिळते, फिनिशमध्ये मुस्तिक्काजौहे. घटकांमध्ये एकच शब्द हवा, बिलबेरी, बस. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, 'फ्लेवर' लिहिलं असेल तर परत ठेवून द्या. बघा की पेन्सासमुस्तिक्का लिहिलेलं नाही ना, ती बागेतली मोठी ब्लूबेरी, आतून पांढरट. जंगली बिलबेरी छोटी असते आणि आतला गरसुद्धा जांभळा, म्हणून रंगद्रव्य जास्त. हा एक्स्ट्रॅक्ट नाही, साल-बियांसकट अख्खं फळ सुकवून दळलेलं असतं, साधारण बारा किलो फळाची एक किलो पावडर होते. शक्य असेल तर फ्रीज-ड्राइड (गोठवून सुकवलेली) घ्या, गरम हवेत वाळवल्यावर रंगद्रव्य जास्त उडतं. स्वीडनच्या ओरेब्रोमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ५० पेशंटपैकी निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या औषधांसोबत रोज ४० ग्रॅम बिलबेरी पावडर ८ आठवडे दिली होती, त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरलं आणि सहा मिनिटांत चालायचं अंतर वाढलं. छोटा अभ्यास आहे, पण बिलबेरीवरचाच आहे आणि पेशंटवरचा आहे, म्हणून मला त्याचं वजन वाटतं.

चव? आंबट-तुरट, बियांची थोडी कचकच, आणि दात-जीभ निळी होते, त्यामुळे कुठे कार्यक्रमाला जायच्या आधी नको. पाण्यात गुठळ्या होतात. आईला दह्यात आवडली, मग तिने नाचणीच्या आंबिलात घातली, आणि नंतर स्वतःच्या डोक्याने गव्हाच्या पिठाच्या धिरड्यात. मला वाटलं तव्यावर सगळं जळून जाईल, पण यावरही काम झालंय, २०१४ मध्ये ब्लूबेरी घालून बन भाजले, अँथोसायनिन ४२ टक्के कमी झालं तरी धमनीवरचा परिणाम जवळपास पेयाइतकाच मिळाला, कारण भाजताना बाकीचे काही फिनॉलिक पदार्थ वाढतात. तेव्हा धिरडं चालेल! अर्धा मार्क कापला तो किमतीमुळे, रोज २०-२५ ग्रॅम घ्यायची तर पाकीट भराभर संपतं आणि दोघांना द्यायची म्हटलं तर खिशाला जाणवतं.

फ्रोजन फळाबद्दल काय लिहू, ते सगळ्यात भारी आहे आणि नेमकं तेच भारतात नेता येत नाही. इथे कायद्यानेच कोणालाही कोणाच्याही जंगलात जाऊन बेऱ्या तोडता येतात, मालकाला विचारावं लागत नाही. जुलैअखेर ते सप्टेंबर, गुडघ्याएवढीसुद्धा नसलेली झुडपं, फण्यासारखं एक हत्यार असतं त्याने ओढायच्या, तासाभरात बादली भरते. पोरं खाऊन खाऊन निळी. डीप फ्रीजला टाकलं की वर्षभर रंगद्रव्य छान टिकतं. तोडायला वेळ नसेल तर दुकानात फ्रोजन पाकीट घ्या, फक्त बाहेरच्या देशातलं असेल तर उकळून घ्या, नोरोव्हायरस आणि काविळीच्या भीतीने इथली अन्न संस्थाच तसं सांगते, फिनलंडमधल्याला गरज नाही. ते कार्टनमधलं बिलबेरी सूप मात्र रोजचं नको, साखर आणि स्टार्च भरपूर असतं, स्की करून आल्यावर एक कप ठीक.

आणि एक गोष्ट इथे राहून कळली ती सांगावीशी वाटते. या देशात साठच्या दशकात पुरुष चाळिशी-पन्नाशीत हार्टने जायचे, जगात सगळ्यात जास्त, विशेषतः पूर्वेकडच्या नॉर्थ कारेलियात. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे प्रोजेक्ट सुरू केला, लोणी कमी, मीठ कमी, सिगरेट बंद, भाज्या-बेऱ्या वाढवा. दूधवाल्या शेतकऱ्यांना बेरीच्या शेतीकडे वळवलं. पुढच्या ३०-३५ वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. बेरी त्यात होती, पण ती लोण्याच्या आणि मिठाच्या जागी आली, त्यांच्यावर शिंपडायला नाही. आपल्याकडे लोणचं-पापड तसंच आणि वर एक कॅप्सूल, असं चाललंय ते मला खरंच काळजीचं वाटतं, कारण आपल्या लोकांना हार्टचा त्रास लवकर होतो.

आईचं बीपी कसं आहे? आधीपेक्षा बरं आहे. पण तिने मीठ कमी केलंय, संध्याकाळी गोदाकाठी चालायला जाते, आणि टेल्मिसार्टन चालूच आहे, त्यामुळे पावडरीला त्यातलं किती श्रेय ते मी सांगू शकत नाही आणि कोणी घरबसल्या सांगत असेल तर मानू नका. गोळी बंद करायचा तर प्रश्नच नाही. आणि ज्यांना वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन असं रक्त पातळ करणारं काही चालू आहे त्यांनी बिलबेरीचा एक्स्ट्रॅक्ट डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नये, ऑपरेशन ठरलं असेल तर कॅप्सूल घेताय हे सर्जनला आधी सांगा. शुगरच्या गोळ्या असतील तरी कानावर घाला, बिलबेरीने जेवणानंतरची शुगर थोडी खाली येऊ शकते.

भारतात जे लोक आहेत आणि ज्यांचं कोणी इकडे नाही, त्यांनी हजारोंच्या कॅप्सूल मागवण्यापेक्षा उन्हाळ्यात करवंदं आणि जूनमध्ये जांभळं पोटभर खा. जांभळाच्या सालीत डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन हीच रंगद्रव्यं आहेत जी बिलबेरीत आहेत, फक्त लंडनसारखे धमनीचे मोठे अभ्यास त्याच्यावर झालेले नाहीत. बहाडोलीची जांभळं मिळाली तर सोडू नका. बिया काढून गर फ्रीजरमध्ये टाकला तर पुढे काही महिने पुरतो, आई आता तेही करते.

यावेळी डिसेंबरात बॅगेत कॅप्सूल नाही, पावडरीची सीलबंद पाकिटं नेतेय. ज्यांना कोणी आणून देणार असेल त्यांनी पाकीट फोडल्यावर लगेच काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, ओला चमचा घालू नका, पावसाळ्यात ती दमट हवा ओढून दगड होते, आणि उजेडात ठेवली तर रंग उतरतो.